बिबट्याच्या शेजारी राहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, अकोले, संगमनेर या पट्ट्यातल्या शाळांत आणि ग्रामसभांत मी बिबट्याबद्दल बोलायला जातो. सभा संपून लोक चपला घालायला लागले की खरे प्रश्न निघतात, आणि उरलेले रात्री फोनवर येतात. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर आधी प्रश्न ४ आणि ५ वाचा.

१. आमच्याकडे जंगलच नाही, मग उसात बिबट्या आला कुठून?

तो आलेला नाही, बहुधा तिथेच जन्मला आहे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, कालव्याचं पाणी फिरलं आणि बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात असतो. आत सावली, गारवा आणि शेजारी पाणी. वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. मादीला पिल्लं घालायला याहून निवांत जागा डोंगरातही मिळायची नाही. आज जुन्नरच्या उसात फिरणाऱ्या कित्येक बिबट्यांनी आणि त्यांच्या आयांनीही जंगल पाहिलेलं नाही.

अकोले तालुक्यातल्या खोऱ्यात काही वर्षांपूर्वी कॅमेरे लावून मोजणी झाली. भरवस्तीच्या त्या शेतीभागात १०० चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास प्रौढ बिबटे निघाले, आणि जवळपास तितकेच तरस. त्या अभ्यासाच्या काळात तिथे बिबट्याने एकही माणूस मारला नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘बिबट्या दिसला’ आणि ‘बिबट्याने हल्ला केला’ या दोन बातम्या गावात एकाच आवाजात फिरतात.

२. दिसला तो बिबट्याच कशावरून? ठसा कसा ओळखायचा?

आपल्याकडे बिबट्यालाही सरसकट ‘वाघ’ म्हणतात, त्यामुळे फोनवर मी पहिलं विचारतो : अंगावर पट्टे होते की ठिपके? पुष्कळदा ते तरस निघतं, कधी रानमांजर, कधी नुसतंच मोठं कुत्रं.

ठशात नखं बघा. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात बोटांपुढे नखांच्या खुणा उठतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याचा ठसा गोलसर आणि बिननखांचा दिसतो. पाणी दिलेल्या सरीतला ठसा पसरून मोठा होतो, त्यावरून आकाराचा अंदाज बांधू नका. ठशावर घमेलं पालथं घाला, शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा आणि वनरक्षकाला पाठवा. आवाजावरूनही कळतं : लाकडावर करवत ओढल्यासारखा, थांबून थांबून.

३. तो माणसाला खायलाच येतो ना?

वस्तीजवळ तो येतो तो मुख्यतः कुत्र्यासाठी. अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासली तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव प्राणी होते, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळी त्याच्या खूप मागे होती.

पण ‘तो काही करत नाही’ असंही मी कुणाला सांगत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली, त्यांत दोन लहान मुलं होती. तिथल्या माणसांसमोर टक्केवारी मांडायची माझी हिंमत होत नाही. हल्ले होतात, आणि ते बहुतेक ठरावीक वेळी, ठरावीक परिस्थितीत होतात. आपल्या हातात काही असेल तर ती परिस्थिती बदलणं.

४. अचानक समोर आला तर नेमकं काय करायचं?

पळू नका. पळणारी पाठ दिसली की मांजराच्या जातीचा कुठलाही प्राणी मागे येतो. खाली बसू नका आणि वाकू नका, दगड उचलायलाही नाही. वाकलेला माणूस त्याला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो, मान त्याच्या टप्प्यात येते. गवत कापणाऱ्या, खुरपणाऱ्या बायकांवर आणि उघड्यावर शौचाला बसलेल्यांवर हल्ले होतात त्याचं मोठं कारण हेच.

ताठ उभे राहा, हात वर करा, उपरणं किंवा टॉवेल डोक्यावर फिरवा, मोठ्या आणि भरड्या आवाजात बोला. सोबत लहान मूल असेल तर त्याला पाठीशी घ्या. उचलायचंच असेल तर बिबट्यावरची नजर न काढता गुडघे मोडून पटकन उचला. तोंड त्याच्याकडेच ठेवून एक एक पाऊल मागे सरका. त्याची निघून जायची वाट अडवू नका. बांध, भिंत किंवा माणसांचा घोळका यांच्यामध्ये अडकलेला बिबट्या सगळ्यात धोक्याचा. पिल्लं दिसली तर आई दहा पावलांवर आहे असंच समजा.

अंगावर आलाच तर निपचित पडायचं नाही. हातातलं जे असेल त्याने तोंडावर, डोळ्यांवर मारा, ओरडा, आणि मान हातांनी झाका.

मोटारसायकलवर असाल आणि तो लांब रस्त्यात बसलेला दिसला, तर अलीकडेच थांबा, हेडलाइट चालू ठेवा, हॉर्न द्या, त्याला उठून जाऊ द्या. अगदी जवळ आल्यावर उसातून निघाला तर मात्र थांबू नका, वेग ठेवून निघून जा. मागे बसलेल्याने पाय लोंबकळत सोडू नयेत.

५. लहान मुलांची काळजी कशी घ्यायची?

मला सगळ्यात जास्त काळजी या प्रश्नाची वाटते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

संध्याकाळी सहा ते साडेआठची वेळ डोळ्यांसमोर आणा. आई चुलीशी किंवा गोठ्यात धारेला. बाप मोटर बघायला गेलेला. पोरगं अंगणात, नाहीतर ओट्याच्या कडेला एकटं. अंगणात एक पिवळा बल्ब, त्याचा उजेड दहा पावलांत संपतो. आणि अकराव्या पावलावर ऊस. मी पाहिलेल्या निम्म्याअधिक वस्त्यांवर हेच चित्र असतं. मुलाची उंची शेळीएवढी. त्या अंधुक उजेडात बिबट्याला फरक कळावा अशी अपेक्षा कशी करायची?

म्हणून पहिलं काम, घरापासून निदान पंचवीस-तीस फूट जागा मोकळी ठेवा. भिंतीपर्यंत सरी पाडू नका. दोन गुंठ्यांचा ऊस कमी निघेल. त्या पट्ट्यात मेथी, कोथिंबीर, भुईमूग असं बुटकं पीक घ्या. दुसरं, दिवा घराकडे नको, उसाकडे तोंड करून लावा. तिसरं, दिवेलागणीनंतर मूल एकटं अंगणात नको, लघवीलाही नाही. शौचालय घराला लागून असावं आणि तिथपर्यंत उजेड असावा. शाळेतून येणारी मुलं घोळक्याने, बोलत, गाणी म्हणत यावीत. थंडीत दिवस लहान होतो तेव्हा शेवटच्या तासाची वेळ अलीकडे आणा असा ठराव ग्रामसभेत करून घ्या.

एका वस्तीवर मी गेलो तेव्हा आजीने नातीच्या पैंजणांना जास्तीची घुंगरं लावलेली होती. त्याने बिबट्या थांबेल असं नाही, पण पोरगी कुठे आहे ते आजीला स्वयंपाकघरात बसून कळत होतं, आणि आवाज थांबला की ती उठून बाहेर यायची. मला ती युक्ती फार आवडली.

६. लाईट रात्रीची असते, उसाला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला, जावंच लागतं. मग?

दिवसा थ्री फेज वीज द्या ही मागणी या भागातले शेतकरी वर्षानुवर्षं करत आहेत आणि ती शंभर टक्के रास्त आहे. बिबट्यापासून संरक्षणाच्या ज्या काही योजना मी ऐकल्या त्यांत ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात उपयोगाची आहे.

तोवर एकट्याने जाऊ नका. दोघं असाल तर एकाने दारं मोडायची, दुसऱ्याने उभं राहून बॅटरी फिरवायची. वाकायचं काम असताना पाठ उसाकडे नको. मोबाइलवर भजन लावा, बातम्या लावा, काहीही. तुम्ही येताय हे त्याला लांबूनच कळलं पाहिजे. घुंगरू बांधलेली लांब काठी जुन्या लोकांकडे असायची, ती पुन्हा काढा. शिरूरकडे काहींनी गळ्याला खिळ्यांचे पट्टे बांधायला सुरुवात केली. मानेवरचा घाव त्याने चुकू शकतो, म्हणून मी त्याला नको म्हणत नाही. पण माणसाला शेतात जाताना असं काही घालावं लागतं हे बघून पोटात तुटतं.

७. शेळ्यांचा गोठा कितपत बंद असावा?

पूर्ण. वरूनसुद्धा. माझ्या चुलत्यांच्या वस्तीवर तिन्ही बाजूंनी पक्की भिंत होती, पुढे लाकडी दार, वर पत्रा. पत्रा आणि भिंत यांच्यात हवेसाठी वीतभर फट सोडली होती. एका कोपऱ्यात पत्र्याचा खिळा निघाला होता, तिथे ती फट दीड वीत झाली. सकाळी सात शेळ्या मेलेल्या. खाल्लेली एकच, तीही अर्धी. चुलते म्हणाले, ‘हा सूड आहे.’ सूड नव्हता. कोंडलेल्या जागेत शेळ्या ओरडत सैरावैरा धावतात आणि हालचाल थांबेपर्यंत तो मारत राहतो. फटीच्या कडेला ठिपक्यांचे चार केस चिकटले होते, ते मी बोटाने काढले. इतक्याशा जागेतून तो आत आला आणि बाहेरही गेला.

तेव्हा हवेच्या सगळ्या जागांना जाड वेल्डमेश जाळी लावा. कोंबड्यांची पातळ जाळी तो पंज्याने फाडतो. दाराला कडी बाहेरून आणि खाली उंबरा, म्हणजे उकरता येत नाही. मेंढपाळांनी वाघर (मेंढ्यांभोवतीची जाळी) उंच बांधावी, कोकरं मधोमध ठेवावीत, आणि झोपणाऱ्यांनी एका बाजूला न झोपता वाड्याभोवती झोपावं.

८. कुत्रा पाळला की बिबट्या फिरकत नाही, खरं का?

प्रश्न ३ मधला आकडा पाहा. मोकळा किंवा साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे ताटात वाढलेलं जेवण. कुत्रा भुंकून सूचना देतो, त्याचा उपयोग आहे. पण रात्री त्याला घरात घ्या किंवा जाळीच्या खुराड्यात ठेवा. गावाच्या कडेला मेलेल्या कोंबड्या, हॉटेलचं उरलेलं आणि कत्तलीचा कचरा टाकणं बंद करा. कचऱ्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

९. पिंजरा लावून लांबच्या जंगलात का सोडत नाहीत?

हे करून झालं आहे. २००१ पासून दोन-तीन वर्षं जुन्नर विभागात मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला : आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ही मोहीम सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. बिबटे जिथे सोडले त्या भागांतही हल्ले वाढले.

कारण समजून घ्या. बिबट्याचा आपला इलाखा असतो. कुठल्या वस्तीवर कुत्रं आहे, माणसं कधी झोपतात, कुठल्या ओढ्याने गुपचूप निघता येतं, हे त्याला पाठ असतं, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षं कुणाला न दिसता राहतो. पकडून अनोळखी जागी सोडला की तो बिथरतो आणि घराकडे चालू लागतो. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला रेडिओ पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं होतं. तो डोंगर, महामार्ग, रेल्वेचे रूळ ओलांडत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या जंगलापर्यंत पोहोचला. त्याने वाटेत कुणालाही इजा केली नाही. सगळे तसे नसतात. आणि इकडे रिकामा झालेला इलाखा भरायला नवा तरुण बिबट्या काही दिवसांत येतो, ज्याला तुमच्या वस्तीची काहीच माहिती नसते.

माणूस मारल्याचा पक्का संशय असलेला बिबट्या मात्र पकडलाच पाहिजे आणि पुन्हा सोडता कामा नये. जुन्नरजवळ माणिकडोहच्या निवारा केंद्रात असे काही आयुष्यभर ठेवले आहेत.

१०. मग गोळी का घालत नाहीत? नसबंदीचं काय झालं?

बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. माणसाच्या जिवाला धोका ठरलेला प्राणी मारायचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षक कलम ११ खाली लेखी देऊ शकतात, तेही पकडणं किंवा बेशुद्ध करणं शक्य नसेल तेव्हा. पिंपरखेडच्या घटनांनंतर तसा एक बिबट्या मारण्यात आलाही. गावकऱ्याने स्वतः फास लावला, तारेत वीज सोडली किंवा विष घातलं तर किमान ३ वर्षं कैद आहे. शिवाय डुकरासाठी सोडलेल्या विजेने बांधावरून जाणारी माणसंच मेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

गर्भनिरोधनाचा प्रयोग जुन्नर भागातल्या थोड्या माद्यांवर करायला २०२५ मध्ये केंद्राने संमती दिली. तो यशस्वी झाला तरी त्याचा परिणाम दिसायला वर्षं लागतील. गोठ्याची जाळी तोवर थांबवू नका.

११. ऊसतोडीत पिल्लं सापडली. काय करू?

हात लावू नका, फोटोसाठी मांडीवर घेऊ नका. तोड तिथेच थांबवा, माणसं मागे घ्या आणि १९२६ वर वनखात्याला फोन करा. ते पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, लांबून कॅमेरा लावतात. बहुतेक वेळा आई त्याच रात्री येते, क्रेट पंज्याने पाडते आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. पिल्लं गावात नेली तर ती चवताळून वस्त्यांभोवती फिरते, आणि त्याच फडाच्या कडेला कोप्यांमध्ये (झोपड्यांमध्ये) ऊसतोड कामगारांची मुलं झोपलेली असतात. मालकाला एक दिवसाची तोड जाते. ते नुकसान सोसा.

कोप्या फडाला लागून उभ्या करू देऊ नका, मोकळ्या माळावर जागा द्या आणि तिथे दिवा द्या. हे काम मुकादमाचं की शेतकऱ्याचं की कारखान्याचं, या वादात दिवा राहून जातो.

१२. विहिरीत पडला तर?

पाण्यात असेल तर त्याला टेकायला काहीतरी सोडा : दोरांना बांधलेली बाज, लाकडी फळी, टायर. नंतर माणसं लांब करा. वनखात्याचा पिंजरा येईपर्यंत विहिरीभोवती दोनशे मोबाइल उभे राहिले की सुटका दिवसभर लांबते. बाहेर निघणारा बिबट्या ज्या बाजूला माणसं नाहीत तिकडे पळतो. चारही बाजूंना माणसं असतील तर माणसांतून पळतो. विहिरीला कठडा बांधा, त्याने माणसंही वाचतात.

१३. हरिश्चंद्रगड, रतनगड, नाणेघाटाकडे ट्रेकला जाताना भीती आहे का?

फार थोडी. घोळक्याने, बोलत चालणाऱ्या माणसांच्या वाटेला तो जात नाही. सह्याद्रीत मला बिबट्यापेक्षा आग्या मोहोळाची, सैल दगडांची आणि पावसात फुगलेल्या ओढ्याची जास्त धास्ती वाटते.

तरी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. पायथ्याच्या गावातलं कुत्रं बिस्किटाच्या आशेने तुमच्यासोबत वर येतं आणि रात्री तंबूला चिकटून झोपतं. बिबट्या येईल तर त्याच्यासाठी. खालीच त्याला खाऊ घालू नका, म्हणजे ते मागे येणार नाही. उघड्यावर एकटं झोपू नका, रात्री शौचाला दोघांनी जा, मुलांना रांगेच्या मध्ये ठेवा. शेवटचा माणूस मागे रेंगाळू देऊ नका.

१४. आम्ही मुंबईत, आरे कॉलनीजवळ राहतो. इथेही हेच?

तत्त्व तेच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०४ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि तिथे पन्नासच्या आसपास बिबटे राहतात. सोसायटीच्या भिंतीवरून एखादा चालत गेला, सीसीटीव्हीत दिसला, एवढ्याने पिंजऱ्याची मागणी करू नका. कचऱ्याच्या कुंड्या झाकलेल्या, पायवाटेवर दिवे, मुलं रात्री एकटी बाहेर नाहीत, यावर लक्ष द्या. बाकी प्रश्न ५ आणि ८ प्रमाणे.

१५. पंजा नुसता ओरखडला आहे. दवाखान्यात जायलाच हवं का?

हो, लगेच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. रानटी प्राण्याचा चावा किंवा ओरखडा रेबीजच्या दृष्टीने सर्वांत गंभीर वर्गात धरतात; लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, ते आहे का हे विचारूनच दवाखाना ठरवा. धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्या. मानेवर सुळ्यांची दोनच छिद्रं दिसत असली तरी आत खोलवर इजा असते, रक्त थांबलं म्हणून घरी थांबू नका.

१६. भरपाई कशी मिळते?

जनावर मेलं तर ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत ते हलवू नका, पुरू नका. लोक इथेच चुकतात. जागेवरच ताडपत्री टाका, ठशांवरून फिरू नका, फोटो काढा. पशुवैद्यकाचा दाखला लागतो. माणूस दगावल्यास राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं. जखमींसाठी आणि जनावरांसाठी वेगळे दर आहेत, ते चालू शासन निर्णयात पाहून घ्या. सरपंच किंवा पोलीस पाटील पंचनाम्याला हजर असावेत. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

१७. आजी म्हणते, वाघोबाला मानलं की तो वाट सोडतो. हे मुलांना सांगू का?

सांगा. अकोले-जुन्नरच्या डोंगरी गावांत महादेव कोळी, ठाकर लोक वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात, त्या दिवशी गुराख्यांचा मान असतो. पालघरकडे वारली वाघोबाची पूजा करतात. त्या श्रद्धेत त्याला शेजारी मानलेलं आहे, त्याची वेळ आणि वाट ठरलेली आहे, आणि त्या वेळी आपण आडवं जायचं नाही हेही. आजीचं ऐकून मुलगा अंधारात एकटा जाणार असेल, तर मात्र प्रश्न ५ आजीलाही वाचून दाखवा.

१८. मुलगा कॅलिफोर्नियात डोंगरात फिरायला जातो. तिथल्या माउंटन लायनला हेच लागू?

बरंचसं. तो प्यूमा, अंगावर ठिपके नसलेला, एकाच भुऱ्या रंगाचा. तिथेही पळायचं नाही, वाकायचं नाही, मोठं दिसायचं, आणि अंगावर आला तर जोरात प्रतिकार करायचा. माणसांवरचे हल्ले फार विरळ : २००४ नंतर कॅलिफोर्नियात पहिला जीव गेला तो २०२४ च्या मार्चमध्ये. पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्याने पळायला जाऊ नको, कानात इअरफोन घालू नको, एवढं त्याला सांगा.

१९. बिबट्या घरातच शिरला तर?

हे क्वचित होतं, बहुधा कुत्र्याच्या किंवा मांजराच्या मागे. माणसं बाहेर काढा आणि त्या खोलीचं दार बाहेरून ओढून कडी लावा. खिडकीतून बॅटरी मारून बघू नका, काठ्या घालू नका. १९२६ ला फोन करा. माणूस आत अडकला असेल तर उलट करा : बाहेरचं दार सताड उघडा, अंगणातले दिवे बंद करा, गर्दीला शंभर पावलं मागे न्या. आतल्याला फोनवर सांगा, पलंगावर किंवा कोठीवर चढून गप्प उभा राहा. अंधार आणि शांतता झाली की तो आला त्याच दाराने जातो. पहाटेपर्यंत वेळ लागला तरी चालेल, कुणी आत जाऊ नका.